अजिंक्यपदं मोजून भागणार नाही

सगळे खेळ मिळून कोणतं अमेरिकन विद्यापीठ सरस, हे ठरवताना ‘फक्त राष्ट्रीय अजिंक्यपदं मोजा, बाकी सगळा हिशेब फुकाचा’ हा मुद्दा पटत नाही. तसं केलं तर दरवर्षी दहा खेळांत उपांत्य फेरी गाठणारं अमेरिकन विद्यापीठ शून्यावर राहील आणि एका वॉटर पोलोच्या जोरावर दुसरं त्याच्या पुढे जाईल.

डायरेक्टर्स कपमध्ये, म्हणजे सगळ्या खेळांतल्या एकूण कामगिरीसाठी विद्यापीठाला दरवर्षी मिळणाऱ्या करंडकात, निदान कामगिरीची खोली मोजली जाते: विजेत्याला 100, उपविजेत्याला 90, आणि खाली उतरत जाणारे गुण. गोची वेगळीच आहे. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये प्रथम श्रेणीत (विद्यापीठांच्या सर्वांत वरच्या गटात) 350हून जास्त संघ, वॉटर पोलोत त्यांच्या तुलनेत मूठभर; तरी दोन्हीकडे विजेत्याला 100च. स्टॅनफर्डने 1994-95 ते 2018-19 सलग 25 वेळा कप नेला, त्यात गुणवत्ता होतीच, पण तब्बल 36 खेळांचा पसाराही होता. मोजायच्या खेळांवर मर्यादा असली तरी ज्याच्याकडे निवडायला जास्त, त्याचे पडेल निकाल आपोआप गळतात.

यावर दर खेळामागे सरासरी गुण काढणं हा उपाय नव्हे. मग कमजोर संघ बंद करणाऱ्यालाच बक्षीस मिळेल!

त्यापेक्षा प्रत्येक खेळाचे गुण संघसंख्येच्या वर्गमुळाने गुणा. समजा एका खेळात 25 संघ आहेत आणि दुसऱ्यात 350. वजन 5 आणि साधारण 18.7, म्हणजे पावणेचार पट. थेट संघसंख्या लावली तर फरक 14 पट होतो आणि छोटे खेळ मोजण्यात अर्थच उरत नाही. शिवाय तीन वर्षांची बेरीज घ्या, कारण बाद फेरीतला एक वाईट दिवस अख्खा हंगाम खातो.