बंद बंगल्याची बाग साफ करायची आहे, कामगारांची काळजी घेणारी टीम सुचवा (पुणे)

पर्वतीपायथा
नमस्कार मंडळी. सहकारनगरात मामांचा बंगला आहे, कित्येक वर्षं बंद. मागे कमरेएवढं गाजरगवत आणि घाणेरी माजली आहे. कंपाउंडला टेकून जुने सिमेंटचे पत्रे, फुटक्या कुंड्या, झाडांवर फवारायच्या कीटकनाशक औषधांच्या बाटल्या आणि वाळलेल्या फांद्यांचा मोठा ढीग. दोघातिघांकडून दर घेतले. सगळ्यांचं एकच, "एका दिवसात मैदान करून देतो, कचऱ्याचं आम्ही बघतो." त्यातल्या एकाची माणसं शेजारच्या गल्लीत काम करताना पाहिली. पायात स्लीपर, हातात कोयता, तोंडावर काही नाही. कुणाला काही झालं तर मला ते सहन होणार नाही. चांगली टीम माहीत असेल तर सांगा, आणि काम देण्याआधी काय विचारायचं तेही सांगा.

कोथरूडचा_सुहास
इतका विचार कशाला? मजूर अड्ड्यावरून सकाळी दोन माणसं आणा. ते लोक वर्षानुवर्षं हेच करतात, त्यांना सवय असते.

वारजेकर
सुहासराव, सवय असते म्हणून घोणस चावत नाही असं नाही. अड्ड्यावरचा माणूस स्लीपरवर येतो कारण गमबूट घ्यायला पैसे नसतात. हात कापला तर दुसऱ्या दिवशीची हजेरी बुडते, दवाखान्याचा खर्च वेगळाच. अड्ड्यावरून जरूर आणा, पण मग साहित्य तुम्ही द्यायचं.

पर्वतीपायथा, मी हेच काम करतो म्हणून कुणाचं नाव देत नाही, माझंही नाही. माणूस कसा ओळखायचा ते सांगतो. जो जागा न बघता फोटोवरून दर सांगतो त्याला काम देऊ नका. चांगला माणूस आधी येऊन फिरेल. विजेची तार झाडातून गेली आहे का, जुनी विहीर किंवा टाकी गवताखाली आहे का, मोहोळ कुठे आहे, हे बघेल. त्याला विचारा: गमबूट, जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा हे दरात धरून आहे का? प्रथमोपचाराची पेटी गाडीत असते का? "लागलं तर बघू" म्हणाला की तिथेच थांबा.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. आधी काठी आपटत, पाय आपटत एका कडेने शिरायचं आणि दुसरी कड मोकळी ठेवायची, म्हणजे जनावराला पळायला वाट राहते. चारही बाजूंनी एकदम कापत आत गेलात तर जे काही असेल ते मधल्या ढिगात अडकतं. फांद्यांचा ढीग हाताने उचलायचा नाही, दाताळ्याने वरून एकेक थर ओढायचा. विटा आणि पत्रे उचलताना आपल्याकडची कड आधी उचलायची नाही. पलीकडची कड काठीने वर करायची, म्हणजे खाली काही असेल तर पत्रा मध्ये आड राहतो.

ब्रश कटर (गवत कापायचं मशीन) चालवणार असतील तर तोंडावर फेसशील्ड आणि कानाला मफ हवेतच. पात्याखाली आलेला खडा गोळीसारखा सुटतो. चालवणाऱ्यापासून पंधरा मीटरच्या आत कुणी नको. म्हणून गवतातली काच आणि तारा आधी वेचायच्या, मशीन नंतर. बायका कामाला असतील तर साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पदर खोचलेला हवा. मशीनजवळ लोंबतं काहीही नको.

अंगणवेडी
साप दिसला तर मारायचा नाही आणि कामगारालाही पकडू द्यायचा नाही. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. तो नंबर आणि रुग्णवाहिकेचा १०८ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून गेटला लावा. घाईत मोबाइलमध्ये शोधत बसायला वेळ नसतो.

निसर्गोपासक_डॉक्टर
चावलाच तर चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका, करकचून दोरी बांधू नका. अंगठी, कडं काढा, हातपाय हलू देऊ नका, चावल्याची वेळ लक्षात ठेवा आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्या. ससूनला विषावरची लस मिळते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांसाठी एकच लस असते. त्यामुळे साप शोधत बसू नका.

गाजरगवताबद्दल लोक फार बेफिकीर असतात. देशात त्याची पहिली ठळक नोंद १९५०च्या दशकात पुण्यातच झाली. फुलावर आलेलं उपटलं तर परागकण उडतात, काहींना दमा सुरू होतो. काहींच्या मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या खोबणीत त्वचा जाड होऊन चिरते आणि तो त्रास वर्षानुवर्षं जात नाही. पाऊस पडून गेल्यावर, फुलण्याआधी, मुळासकट उपटा. हात झाकलेले हवेत. ज्याला आधी खाज सुटलेली आहे त्याला या कामावर घेऊ नका.

पाणी साचलेलं आहे आणि उंदीर असतील तर लेप्टोस्पायरोसिसही (उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा ताप) विसरू नका. त्याचा जंतू उघड्या जखमेतून शिरतो. कुणाला पुढच्या दोनेक आठवड्यांत ताप आणि पोटऱ्यांत दुखणं सुरू झालं, तर हे काम केल्याचं डॉक्टरांना सांगायला लावा. जखम झाली तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते विचारा.

सोसायटीसेक्रेटरी
कचरा कुठे जाणार ते कोटेशनवर लिहून घ्या. पालापाचोळा वेगळा, राडारोडा वेगळा, भंगार वेगळं. जाळणं बेकायदेशीर आहे, धुरात काम करणाऱ्यांचीच फुप्फुसं जातात. भंगार ओळखीच्या कचरावेचक ताईंना द्या. फुटलेली काच मात्र वेगळी गुंडाळा आणि वर खुणेचा कागद लावा, नाहीतर हात त्यांचे कापतात. झाड तोडायला १९७५च्या कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते, मोठ्या फांद्यांसाठीही आधी क्षेत्रीय कार्यालयात विचारा.

विम्याचंही बघा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँकखात्यातून वर्षाला २० रुपये जातात आणि अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. कंत्राटदाराने कामगारांचं हे काढलं आहे का ते विचारा.

पर्वतीपायथा
किती मोलाची माहिती! पत्रे आणि औषधांच्या बाटल्यांचं काय करू? पत्र्यावर कुणी हातोडा मारणार असेल तर चालेल का?

वारजेकर
अजिबात नाही. जुने सिमेंटचे पत्रे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. तुटले की बारीक तंतू उडतात, त्यांचा आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो. पाण्याने भिजवा, अख्खेच उचला, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. रुमालाने किंवा साध्या एन-९५ मास्कनेही भागत नाही, पी-१०० फिल्टरचा रेस्पिरेटर (घट्ट बसणारा मास्क) हवा. झाडून गोळा करू नका, ओल्या फडक्याने पुसा. ते कुठे पाठवायचे हे क्षेत्रीय कार्यालयाच्या आरोग्य निरीक्षकाला आधीच विचारा, राडारोड्यात टाकू नका.

बाटल्यांवर त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. झाकण उघडू नका, एकात एक ओतू नका. टाकी निघाली तर आत कुणालाही उतरू देऊ नका, वास नसला तरी.

आणि एक विचारायचं राहिलं. बंगल्यात पाणी चालू आहे का? हात-तोंड धुवायला आणि बायकांना संडासाला सोय असायला हवी.

पर्वतीपायथा
नळजोड बंद आहे. उद्याच प्लंबर बोलावतो आणि मागचं बाथरूम उघडून ठेवतो.