शेफील्डमध्ये चांगली रिअल एल कुठे मिळेल?

प्रश्न: पुढील महिन्यात इंग्लंडमधील शेफील्डला दोन दिवस मुक्काम आहे. पिंपातच मुरलेली, हातपंपाने ओढून दिलेली ‘रिअल एल’ ही पारंपरिक बिअर चांगली मिळेल असे पब कसे ओळखावेत?

उत्तर १: रेल्वे स्थानकातच ‘शेफील्ड टॅप’ हा पब आहे, मात्र तिथेच न रमता शहरातील केलम आयलंड या भागाकडे जावे, कारण तेथील ‘केलम आयलंड टॅव्हर्न’ला १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅमरा’ या ग्राहक चळवळीने २००८ आणि २००९ असे सलग दोनदा देशातील सर्वोत्तम पब ठरवले होते. ‘फॅट कॅट’ही जवळच आहे.

उत्तर २: पंपांच्या संख्येला भुलू नये. उघडलेले पिंप तीनेक दिवसांत संपले नाही तर एल आंबू लागते, त्यामुळे तुरळक गर्दीच्या पबात दहांपेक्षा तीनच पंप मला भरवशाचे वाटतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ती कोमट असते का?

उत्तर २: नाही, तळघरातील गारव्याची, ११ ते १३ अंशांची असते.