शेजाऱ्याच्या बोअरचं पाणी टँकरने बाहेर चाललंय, कायद्यात काही आहे का?

काळी_माती:
गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून जेमतेम 300 मीटरवर एकाने मागच्या वर्षी बोअर पाडलं, आता रोज दहा-बारा टँकर भरून तालुक्याला पाणी विकतोय. विहीर मार्चातच तळाला गेली. विचारायला गेलो तर म्हणतो सातबारा माझा, खालचं पाणी पण माझं, काय करायचं ते करा. खरंच असं असतं का?

वकीलीणबाई:
तो बोलतोय ते अगदीच हवेतलं नाही. 1882 चा ईझमेंट ॲक्ट, म्हणजे जमिनीच्या वहिवाटीच्या हक्कांचा कायदा, अजून लागू आहे, त्याच्या कलम 7 च्या उदाहरणांतच जमिनीखालचं पाणी काढायचा मालकाला हक्क म्हणून लिहिलंय. पण महाराष्ट्रात 1993 च्या कायद्यापासून पिण्याच्या सार्वजनिक स्रोताच्या 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. त्यामुळे पाणी कुणाचं या वादात शिरूच नका, आधी माहिती अधिकारात परवानगीचा कागद मागा.

पाणवठा:
आणि टंचाईत तहसीलदार खाजगी विहीर अधिग्रहित करतात तेव्हा कुठे जातं हे "पाणी माझं"? केरळात प्लाचीमाडा गावातल्या कोका-कोलाच्या प्लांटच्या पाणी उपशाविरुद्ध हायकोर्टाने सांगितलंच होतं ना, की भूजल जनतेचं, सरकार नुसतं विश्वस्त.

वकीलीणबाई:
तो डिसेंबर 2003 चा निकाल, एकट्या न्यायाधीशांचा. सगळे तेवढाच सांगतात. 2005 मध्ये त्याच हायकोर्टाच्या खंडपीठाने तो फिरवला, तज्ज्ञांचा रिपोर्ट पुढ्यात ठेवून रोज 5 लाख लिटर उपशाला हरकत नाही म्हटलं. प्लांट मार्च 2004 लाच बंद पडला होता आणि पुन्हा सुरू झाला नाही, ते वेगळं. पण तिथेही शेवटी किती पाणी उपसलं तर चालेल यावरच गाडी आली. तुमच्याकडे विहिरीच्या पातळीची नोंद आहे का काही?

काळी_माती:
नोंद कसली, सगळे म्हणतात पूर्वी भरलेली असायची, बास.

पाणवठा:
मग दोरीला दगड बांधून रोज मोजा, वहीत तारीख टाकून पंचांच्या सह्या घ्या, टँकर किती गेले तेही लिहा. ग्रामसभेच्या ठरावासोबत हे जोडून तहसील आणि भूजल सर्वेक्षणवाल्यांना द्या, नुसत्या ठरावाला कोणी विचारत नाही.

काळी_माती:
आज सकाळी मोजलं. 41 फुटाला पाणी लागलं, आणि मोजेपर्यंत समोरून दोन टँकर गेले. वही घेतलीये.