डाळिंब एकच, पोटं वेगळी

या चर्चेत वर कोणीतरी म्हटलंय की डाळिंबातली पॉलिफेनॉल्स (फळाभाज्यांत असणारी एक प्रकारची नैसर्गिक संयुगं) रक्तात जाऊन थेट चरबी जाळतात. थेट कुठली! त्यातली बहुतेक लहान आतड्यात शोषलीच जात नाहीत. ती जशीच्या तशी मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जीवाणू त्यांचे तुकडे करतात. डाळिंब आणि अक्रोडातल्या एलॅजिटॅनिन्स नावाच्या पॉलिफेनॉल्सपासून असं युरोलिथिन नावाचं नवं संयुग तयार होतं. पण ते सगळ्यांच्या पोटात होत नाही, कारण त्यासाठी लागणारे जीवाणू प्रत्येकाकडे नसतात. म्हणजे एकाच ताटातलं डाळिंब दोघांनी खाल्लं तरी दोघांना मिळणारा माल वेगळा. या धाग्यात हा मुद्दा आलाच नव्हता.

उंदरांवरचे निकाल चांगले आहेत हे मान्य. चरबीयुक्त खाण्याबरोबर द्राक्षांची पॉलिफेनॉल्स दिली तेव्हा त्यांच्या आतड्यात अ‍ॅकरमॅन्सिया नावाचा जीवाणू वाढला आणि वजन कमी वाढलं (२०१५). पण ते उंदीर आमच्या इंदूरचे नव्हते. मी आणि माझ्या मेहुण्याने गेल्या हिवाळ्यात तीन महिने रोज एकेक डाळिंब खाल्लं. त्याचं वजन दोन किलो उतरलं, माझा काटा जागचा हलला नाही. याचं खापर मी जीवाणूंवर फोडणार होतो, तेवढ्यात बायकोने आठवण करून दिली की त्याच तीन महिन्यांत दर शनिवारी रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जिरावण मसाला भुरभुरलेले तळलेले गराडू (एक कंद) कोण हाणत होतं. मेहुणा उज्जैनला राहतो, त्याला ती सोय नाही.