मदत हवी आहे: पहिल्याच फेरीत माझी दहा जणांची तुकडी उडते, तिच्याऐवजी काय घेऊ?

राखाडी_सेना
शनिवारी परत डाव आहे, म्हणून घाईत लिहितोय. दुकानात दर आठवड्याला एकाच भिडूशी टेबलावरचा युद्धखेळ खेळतो. सहा डाव झाले, सहाही हरलो आणि सहाही एकाच पद्धतीनं. माझी दहा जणांची मुख्य तुकडी पहिल्याच फेरीत जवळजवळ साफ होते, मग मधलं ऑब्जेक्टिव्ह (ताबा ठेवायची जागा) जातं, आणि उरलेला वेळ फिगरी (सैनिकांच्या छोट्या मूर्ती) उचलून डब्यात ठेवण्यात जातो. भिडू माणूस फार चांगला आहे, कितीतरी वर्षं खेळतोय, मला त्यानंच शिकवलं. माझ्या फिगरी अजून राखाडीच आहेत, रंगवायच्या राहिल्यात. प्रश्न एवढाच की या तुकडीऐवजी काय घेऊ? 'सरावानं जमेल' असं कृपया सांगू नका.

फासेकरी
कोणता खेळ? कोणती आवृत्ती? किती पॉइंट्सचं सैन्य? आर्मी कोणती?

राखाडी_सेना
वॉरहॅमर ४०,०००च, दुसरा कोणता? दहावी आवृत्ती, २००० पॉइंट्स, स्पेस मरीन. तुकडी म्हणजे इंटरसेसर, त्यांचे साधे पायदळ शिपाई.

रंगपेटी
आधी रंगवा हो त्यांना! प्रायमरचा (अस्तराच्या रंगाचा) एक हलका थर द्या, पूर्ण वाळू द्या. मग रंग पाण्यानं पातळ करून दोन थर द्या, एकच जाड थर कधीही देऊ नका, चेहऱ्यावरचे आणि चिलखतावरचे बारकावे बुजतात. रंग किती पातळ हवा ते कळत नसेल तर ब्रशचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून एक रेघ ओढा. रेघ नखावर स्वच्छ उमटली आणि कडेच्या खाचेत ओघळली नाही, तर रंग बरोबर जमला. सगळ्यात शेवटी गडद वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग. स्वतःच्या हातानं रंगवलेली तुकडी टेबलावर मांडली की खेळण्यातला जीवच बदलतो, हे मी अनुभवानं सांगते.

वरून_उडी
रंगाचं नंतर बघू. मी सरळ सांगतो: इंटरसेसर काढा, टर्मिनेटर (जड चिलखतवाले) घ्या आणि डीप स्ट्राइकनं, म्हणजे डाव सुरू झाल्यावर थेट टेबलावर, उतरवा. जे टेबलावर नाहीच त्याला पहिल्या फेरीत कोण मारणार? मी तीन वर्षं असंच खेळतोय.

फासेकरी
अहो, उतरताना शत्रूपासून ९ इंचांपेक्षा लांब राहावं लागतं. त्याच टर्नमध्ये चार्ज (शत्रूवर धावून जाणं) करायचा तर दोन फाशांवर ९ किंवा जास्त हवेत. ३६ पैकी १० शक्यता, म्हणजे साधारण २८ टक्के. रीरोल (फासे पुन्हा टाकायची मुभा) मिळाला तरी निम्म्याच्या खालीच. नवीन माणसाला हा सल्ला देऊ नका.

वरून_उडी
लगेच चार्ज करा असं मी कुठं म्हटलं? कोपऱ्यातलं ऑब्जेक्टिव्ह धरायला उतरवायचं.

फासेकरी
मग त्यासाठी टर्मिनेटर कशाला, पाच जणांची स्वस्त तुकडी पुरते.

इंचपट्टी
तुमच्या दोघांच्या वादात त्यांचा प्रश्न राहिला. राखाडी_सेना, टेबलावर टेरेन किती असतं? तुकडी कुठे उभी करता? पहिली टर्न कोणाची?

राखाडी_सेना
पडक्या इमारती चार. मी तुकडी एका इमारतीच्या मागे ठेवतो, पण खिडक्यांतून ती दिसते, त्यामुळे गोळ्या लागतातच. पहिली टर्न तीनदा त्याची होती, तीनदा माझी. युनिटचं सांगा ना!

इंचपट्टी
थांबा. खिडक्यांतून दिसते म्हणून गोळी लागते, हे कोणी सांगितलं? दहाव्या आवृत्तीत 'रुइन्स' (पडक्या इमारती) प्रकारच्या टेरेनच्या आरपार दिसत नाही. तुम्ही पूर्णपणे मागे असाल आणि तुमचा कुठलाही भाग त्या टेरेनच्या तळपट्टीवर नसेल, तर पलीकडच्या रणगाड्याला तुम्ही दिसत नाही, मग खिडकी कितीही मोठी असो. तळपट्टीवर पाय ठेवलात की मात्र आत आलात, आणि मग दिसता.

वरून_उडी
आमच्याकडे खिडकीतून दिसलं तर दिसलं. डोळा लावून बघायचं, साधा हिशेब.

इंचपट्टी
आपापसात ठरवून तसं खेळा, हरकत नाही, पण तो नियम नव्हे. आणि राखाडी_सेना, २००० पॉइंट्सचं टेबल ४४ बाय ६० इंच असतं. त्यावर चार इमारती म्हणजे उघडं मैदान. पहिली टर्न कोणाची हे मांडणी झाल्यावर फाशांनी ठरतं, म्हणून मांडतानाच धरून चाला की आधी तोच गोळ्या झाडणार.
पण मला अजून एक शंका आहे. त्याच्याकडे गोळ्या किती आणि तुमची माणसं किती मरतात? मागच्या डावातली ती एक फेरी फाशांसकट लिहा.

राखाडी_सेना
लासकॅनन (रणगाडे फोडायची तोफ) चार, म्हणजे चार गोळ्या. तीन लागल्या, माझे तिन्ही सेव्ह (चिलखतानं वाचायचे फासे) गेले. डॅमेजसाठी प्रत्येकी एक फासा अधिक १: आले ६, ७ आणि ४. एकूण १७. माझा एक माणूस २ वुंड्समध्ये (जखमांत) मरतो, म्हणजे आठ मेले आणि नवव्याला एक जखम.

इंचपट्टी
सापडलं! तीन गोळ्यांत तीनच माणसं मरतात. एका गोळीचं डॅमेज एका फिगरीपुरतं, उरलेलं वाया जातं. ७ डॅमेज झालं तरी मरतो एकच. तुमचे सात जण जिवंत होते.
पुढचं बघा. आठ मेल्यावर तुकडी निम्म्याच्या खाली गेली, म्हणून कमांड फेजमध्ये बॅटल-शॉकची (धीर खचतो का याची) परीक्षा द्यावी लागली असणार. ती हुकली की ऑब्जेक्टिव्ह कंट्रोल (जागेवर ताबा ठेवायची ताकद) शून्य. सात जण असते तर परीक्षाच नव्हती, आणि प्रत्येकी २ धरून तुमचा कंट्रोल १४ असता.

राखाडी_सेना
हो, दोनदा तसंच झालं. सहाही डाव असेच खेळलो आम्ही.

वरून_उडी
शस्त्राला डेव्हास्टेटिंग वुंड्स हा खास गुण असेल तर डॅमेज पुढच्यावर जातं.

फासेकरी
२०२३च्या जूनमध्ये आवृत्ती आली तेव्हा जायचं. त्याच वर्षी बदललं, आता सेव्ह मिळत नाही एवढंच, डॅमेज पुढे जात नाही. पुढे जातात ते मॉर्टल वुंड्स, तो जखमांचा वेगळा प्रकार. आणि लासकॅननला यातलं काहीच नाही.

नकाशा_१८२४
अशा घोळावर एकच उपाय, पंच ठेवा. धाकट्या राइसवित्झनं १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यासाठी जो क्रीग्सश्पील हा युद्धखेळ मांडला, तो १:८००० च्या नकाशावर पंचाच्या देखरेखीखाली खेळत. दोन्ही बाजू लेखी हुकूम देत, हिशेब पंच करी. पुढे १८७६ मध्ये प्रशियाचेच सेनाधिकारी व्हर्डी दु व्हर्नुआ यांनी तर हिशेबाचे तक्तेही बाजूला ठेवून निर्णय अनुभवी पंचावर सोपवला. भिडूला नियम पाठ असण्याची गरजच उरत नाही.

फासेकरी
माहिती छान आहे, पण शनिवारी पंच कुठून आणायचा?

इंचपट्टी
राखाडी_सेना, तुमचा भिडू आधी एज ऑफ सिग्मार खेळायचा का? त्या खेळात डॅमेज एका फिगरीवरून पुढच्यावर जातं. हाताला तीच सवय असेल.

राखाडी_सेना
विचारलं नाही कधी. पण हे बोलू कसं? माझ्यासाठी तो स्वतःचा वेळ देतो. हरल्यावर पुस्तक उघडलं तर लबाडी केली म्हणतोय असं वाटेल त्याला.

रंगपेटी
फिगरी मांडण्याआधी बोला. फासे हातात नसताना माणूस मोकळेपणानं ऐकतो. 'डॅमेज मला नीट कळलेलं नाही, एकदा बरोबर वाचू या' एवढंच म्हणा, आणि ते खरंही आहे. मूळ नियम कंपनीच्या साइटवर मोफत आहेत, तुमच्या फोनवर ते पान उघडून ठेवा.

राखाडी_सेना
शनिवार झाला. त्यानं ते पान दोनदा वाचलं, मग हातातला फासा खाली ठेवून म्हणाला, "अरे, सहा डाव मी तुझी माणसं फुकट मारली." सिग्मारच खेळायचा तो, बरीच वर्षं. इमारती आम्ही आठ लावल्या. हरलो, पण पाचव्या फेरीत मधल्या ऑब्जेक्टिव्हवर माझे तीन इंटरसेसर उभे होते. तुकडी बदलत नाही. रंगपेटीताई, नखावर रेघ ओढून पाहिली, खाचेत ओघळते आहे. पाणी किती कमी करू?