मालवणला जाण्यापूर्वी नागपुरात स्कूबाचे किती शिकता येईल?

धरमपेठची आई

नमस्कार. मी 47 वर्षांची आहे आणि गेली सहा वर्षे अंबाझरी रस्त्यावरच्या नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासाच्या) तलावात नियमित पोहते. मागच्या वर्षी मी आणि माझी मुलगी मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांसाठी असते ती स्कूबाची बुडी घेऊन आलो. होडीवर पाच-सात मिनिटांत हाताच्या चार खुणा शिकवण्यात आल्या, "तोंडाने श्वास घ्या, बाकी आम्ही बघतो" असे सांगण्यात आले आणि आम्ही पाण्यात उतरलो. मासे दिसले, फोटोही निघाले, पण मुलीचा कान पुढे दोन दिवस दुखत होता आणि तो का दुखला हे आम्हाला कोणीच सांगितले नाही.

मुलगी आता 14 वर्षांची आहे. या डिसेंबरात तारकर्लीला तीन दिवस राहून दोघींनी रीतसर प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करावा असा विचार आहे. त्यातला कोणता भाग नागपुरात उरकता येईल? वयामुळे मला काही अडचण येईल का? शेवटच्या दिवशी सकाळी बुडी घेऊन संध्याकाळी मोपा विमानतळावरून परत निघालो तर चालेल ना?

खामल्याचा पाणकोंबडा

ताई, तुम्ही घेतलेली बुडी हा अनुभव होता, ते शिक्षण नव्हते. त्या बुडीत तुमच्या सिलिंडरचा कॉक, तरंगण्यासाठी हवा भरतात त्या जाकिटातली हवा आणि वर येण्याचा वेग हे सर्व दुसऱ्याच्या हातात असते. अभ्यासक्रमात ते तुमच्या हातात यावे लागते, आणि म्हणूनच त्याला तीन-चार दिवस लागतात. (जाता जाता सांगतो, त्या सिलिंडरला सर्रास "ऑक्सिजनचा सिलिंडर" म्हटले जाते, त्यात आपली साधी हवाच दाबून भरलेली असते.)

मी वयाच्या 51व्या वर्षी ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या प्रमाणपत्राचा, अभ्यासक्रम केला. त्याचे तीन भाग असतात. पहिला भाग पुस्तकी असून तो पॅडी किंवा एसएसआय या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या ऑनलाइन पाठांतून घरी बसून पूर्ण करता येतो. दुसरा भाग तलावातला आणि तिसरा समुद्रातल्या चार बुड्यांचा. म्हणजे नागपुरात पहिला भाग पूर्ण होतो आणि दुसऱ्याची पोहण्यापुरती तयारी होते. पॅडीच्या अभ्यासक्रमात न थांबता 200 मीटर पोहणे आणि 10 मिनिटे आधाराशिवाय तरंगणे आवश्यक असते. वेळेची अट नसते. तुमच्यासाठी हे अवघड नाही, पण मुलीचे तरंगणे आत्ताच तपासून घ्या, कारण चांगले पोहणारी मुलेही स्थिर तरंगताना गडबडतात.

मात्र कोणाकडून सिलिंडर मिळाला म्हणून प्रशिक्षकाशिवाय इथल्या तलावात उतरू नका. दर 10 मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाने, म्हणजे पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो, त्यामुळे 10 मीटरवर छातीत भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास कोंडून वर येणाऱ्याच्या फुप्फुसांना दीड मीटरच्या आसपासच्या खोलीवरूनही इजा होऊ शकते, म्हणून उथळ तलाव सुरक्षित असतो हा समज घातक आहे. तोंडातून निघालेला रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारे साधन) पुन्हा शोधणे, मास्कमध्ये शिरलेले पाणी नाकाने फुंकून काढणे, जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरवरून श्वास घेणे, ही कौशल्ये पुनःपुन्हा करून घेतात ती एवढ्यासाठीच की घाबरलेला माणूस सर्वांत आधी श्वास कोंडतो.

वयाची अडचण नाही, पण आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते. त्यात 45च्या पुढच्या व्यक्तीला धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि जवळच्या नातलगांतील हृदयविकार यांविषयी वेगळे प्रश्न असतात. त्यांतल्या एकाचेही उत्तर "होय" असेल तर डॉक्टरांची सही लागते. ती नागपुरातूनच घेऊन जा. किनाऱ्यावर पोहोचल्यावर डॉक्टर शोधण्यात एक दिवस जातो.

कान-नाक-घसा, सीताबर्डी

मुलीच्या कानाबद्दल लिहितो. दाबातला प्रमाणशीर बदल पहिल्या काही मीटरांतच सर्वांत जास्त असतो, म्हणून कानाचा पडदा दुखावतो तो बहुधा तिथेच. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकणे किंवा गिळणे हे दुखू लागण्यापूर्वी, उतरायला लागताक्षणी आणि मग दर अर्ध्या-एक मीटरला करायचे असते. कान उघडला नाही तर थोडे वर यावे, जोर करू नये. सर्दी असताना नाकातले थेंब घालून उतरणे तर टाळाच, कारण खाली असताना औषधाचा असर ओसरला की वर येताना हवा अडकते. दोन दिवस दुखलेला कान जाण्याआधी एकदा तपासून घ्या.

घाटवाट

विमानाच्या प्रश्नाकडे वरच्या दोघांचेही लक्ष गेलेले नाही, आणि नागपूरकरांनी तर तोच आधी विचारायला हवा. बुडीत शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधी हवेचा दाब घटला तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. डॅन या बुडी घेणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या सल्ल्यानुसार एकाच बुडीनंतर किमान 12 तास आणि अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर किमान 18 तास विमानप्रवास टाळावा. म्हणजे सकाळची बुडी आणि संध्याकाळचे विमान हा बेत रद्द करा.

मोटारीने परतणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही ती गोष्ट वेगळीच. हा सल्ला सुमारे 600 मीटर उंचीच्या दाबापासून पुढे लागू होतो, आणि परतीच्या वाटेवर घाटमाथ्याचे आंबोली जवळजवळ 690 मीटरवर आहे. दुपारी पाण्याबाहेर पडून संध्याकाळी घाट चढणे म्हणजे थोड्या प्रमाणात तेच करणे होय. नागपूर स्वतः 310 मीटरच्या आसपास असल्याने घरी पोहोचणे ही अडचण नाही, अडचण मधल्या सह्याद्रीची आहे. शेवटचा दिवस किल्ला पाहण्यासाठी आणि मासळीच्या जेवणासाठी ठेवा.

धरमपेठची आई

सर्वांची मनापासून आभारी आहे. घाटाचा विचार मनात आलाच नव्हता. तीन दिवसांऐवजी पाच दिवसांचे आरक्षण करत आहे. माझ्या वडिलांना 48व्या वर्षी हृदयविकाराने मृत्यू आला होता, त्यामुळे प्रश्नावलीत "होय" लिहावे लागेल आणि सहीसाठी याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाईन. एकच शंका उरते: त्यांनी मला नकार दिला, तर मुलगी एकटी अभ्यासक्रम करू शकेल का?

खामल्याचा पाणकोंबडा

पालकाच्या संमतीने करू शकेल. 15 वर्षे पूर्ण होईपर्यंत तिला कनिष्ठ प्रमाणपत्र मिळेल, मात्र तोवर प्रत्येक बुडीत प्रमाणित प्रौढ व्यक्ती तिच्या सोबत हवी. तुम्हाला परवानगी मिळाली नाही तर तिच्या सोबतीचे प्रशिक्षकाशी आधीच ठरवून ठेवा, आणि तुम्ही होडीवर बसा. वर आलेल्या मुलांना प्यायचे पाणी आणि कोरडा टॉवेल देणारे कोणीतरी लागतेच.