देवरहाटीलगतच्या एकरभर वरकसात झाडं लावायची आहेत: कोणती आणि कशी?

वरकस४०

संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावची देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, आहे, साधारण अडीच एकर. आत बेहडा, सातवीण, किंजळ, भेरली माड आणि गारंबीच्या जाडजूड वेली. तिच्या खालच्या अंगाला देवस्थानची ४० गुंठे वरकस (हलकी, डोंगरउताराची) जमीन उघडी पडली आहे. गवत, मधेमधे ऐन-किंजळीचे खुंट, एका कडेला घाणेरी (टणटणी) माजलेली. जमीन उताराची, जांभ्याची; माती कुठे वीतभर, कुठे हातभर. उन्हाळ्यात पाणी द्यायची सोय नाही.

गावकीच्या बैठकीत दोन गोष्टी ठरत आल्या आहेत. पावसाळ्यात या जागेत ५०० रोपं लावायची, आणि त्याआधी देवरहाटी आतून साफ करायची, म्हणजे पाचोळा, झुडपं, पडलेले ओंडके काढून पेव्हर ब्लॉकची वाट करायची. रोपवाटिकेत गिरिपुष्प, गुलमोहर आणि काशीद लगेच मिळतायत. ही झाडं चालतील का? खड्डा केवढा, अंतर किती? आणि ही सफाई योग्य आहे का?

पाचोळा

आधी सफाई थांबवा. रोपांचं नंतर बघू.

बैठकीतल्या चार माणसांना एप्रिलमध्ये रहाटीत घेऊन जा आणि एका जागी पाचोळा हाताने बाजूला करायला सांगा. वर कडक, कोरडी पानं. त्याखाली नुसत्या शिरा उरलेली, जाळीसारखी पानं. आणखी खाली काळी भुसभुशीत माती, तिच्यात बुरशीचे पांढरे धागे आणि केसाएवढी मुळं. लगतच्या वरकसातली माती त्या दिवशी दगडासारखी असते, इथली हाताला गार लागते. पावसाचं पाणी मुरवतो तो हाच थर. झाडून काढलात की जूनचा पहिला जोराचा पाऊस माती घेऊन पऱ्याला (ओढ्याला) जाईल आणि मुळं उघडी पडतील. बेहडा-सातविणीची पुढची पिढीही त्याच थरात उगवलेली असते, दोन-चार पानांची. झाडू आणि कोयता सगळ्यात आधी तिच्यावर पडतो.

वाळकं, पोकळ झाड ‘धोक्याचं’ म्हणून तोडायची घाई करू नका. धनेश पक्ष्याला घरट्यासाठी ढोली लागते ती अशाच जुन्या खोडात. उन्हाळ्यात मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसते, नर बाहेरून फळं भरवतो. त्या दिवसांत झाड पाडलं तर आतली पिल्लं गेली. खरोखर वाटेवर कलणारी फांदी असेल तर पावसाळा संपल्यावर तेवढीच उतरवा. गारंबीच्या वेली तोडू नका. अशी वेल दोन-चार वर्षांत होत नाही.

पालखीसाठी वाट हवीच असेल तर आहे तीच चार-पाच फुटांची पायवाट ठेवा, सुट्ट्या जांभ्या दगडाची, सिमेंटशिवाय. पेव्हर बसवायला खाली मुरूम-कच घालून जमीन ठोकून घ्यावी लागते, त्यात वाटेखालची मुळं गुदमरतात.

चांदाडा

रोपांबद्दल. गिरिपुष्प आणि गुलमोहर ही आपली झाडं नाहीत, काशीदही सह्याद्रीतलं नाही. गिरिपुष्प शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी उपयोगी आहे, तिथेच असू दे. देवरहाटीशेजारी लावलंत तर त्याचं बी आत शिरत राहील.

५०० हा आकडा विसरा, आधी मोजणी करा. गवत पिवळं पडायच्या आत, ऑक्टोबरात, १०×१० मीटरचे चौकोन आखा. एक चौकोन म्हणजे जवळजवळ एक गुंठा. त्यात आपोआप आलेलं प्रत्येक देशी रोप आणि फुटवे आलेला प्रत्येक खुंट यांच्याजवळ बांबूची काठी रोवा. तीन-तीन मीटरवर झाड धरलं तर गुंठ्याला ११ लागतात. चौकोनात दहा काठ्या आल्या तर तिथे काहीच लावू नका, फक्त राखा. देवरहाटीला चिकटलेल्या पट्ट्यात बहुतेक असंच निघेल, कारण पाखरं आणि वटवाघळं बी टाकत असतात.

खुंट म्हणजे तयार मुळं. ऐन-किंजळीच्या खुंटाला दहा-पंधरा फुटवे येतात. त्यातले दोन सरळ, जोमदार ठेवून बाकीचे पावसाआधी बुडाशी तिरके छाटा. लावलेल्या रोपाला जी उंची गाठायला चार वर्षं लागतील, ती या फुटव्याला दोन पावसांत मिळते, कारण मुळं आधीच जांभ्याच्या फटीत उतरलेली असतात.

मोकळ्या राहिलेल्या गुंठ्यांत लागवड. उन्हात तग धरणारी आधी: चांदाडा, कुंभा, आसाणा, पांगारा, उंबर, बेहडा, करंज, जांभूळ. बकुळ, सुरंगी, अंजनी यांची लहान रोपं उघड्यावर होरपळतात. ती तीन-चार वर्षांनी, पहिल्या झाडांची सावली पडू लागली की लावा.

बी त्याच भागातलं घ्या. जांभळाचं बी ठेवायचं नसतं: जूनमध्ये गर काढून त्याच आठवड्यात पिशवीत, पंधरा दिवसांत त्याची उगवण संपते. बेहड्याचा गर काढून बी दिवसभर भिजवा. हिरड्याचं कवच टणक, उगवण कमी, म्हणून हवी त्याच्या चौपट बी टाका.

खड्डे एप्रिल-मेमध्ये, दीड फूट लांब-रुंद-खोल. पहारीला टणक जांभा लागला तर तिथे फोडत बसू नका, दोन फूट सरकून मातीचा खळगा शोधा. अंतर सारखं नाही आलं तरी चालेल, जंगल ओळीत नसतं. वरची माती वेगळी ठेवून तीच परत भरा, सोबत देवरहाटीच्या कडेची दोन ओंजळी माती. झाडाच्या मुळांशी राहणारी बुरशी तिच्यातून येते. ओंजळीच, पोती नव्हे.

वरकस४०

सफाईचा विषय पुढच्या बैठकीत पुन्हा काढतो. दोन शंका आहेत. रोप केवढं घ्यावं? आणि पाणी नसताना खड्ड्याभोवती आळं खोलगट ठेवलं तर पाणी साठेल ना?

चांदाडा

नेमकं इथेच कोकणात रोपं मरतात. खोलगट आळं देशावरच्या कमी पावसाची रीत आहे. तुमच्याकडे जुलैभर खड्ड्यात पाणी उभं राहील, मुळं कुजतील, आणि पानं पिवळी पडली की लोक आणखी खत घालतील. रोप जमिनीपेक्षा चार बोटं उंचवट्यावर लावा, वरच्या बाजूला अर्धचंद्राकृती चर काढून पाणी वळवा. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की मगच आळं करा आणि त्यात कापलेल्या गवताचं वीतभर जाड आच्छादन घाला. पाण्याविना उन्हाळा निघतो तो या आच्छादनावर. बुंध्याला मात्र ते चिकटू देऊ नका, वाळवी लागते.

रोप दीड-दोन वर्षांचं, दोन-तीन फुटी. पिशवी फाडल्यावर तळाशी मूळ गोल गुंडाळलेलं दिसलं तर तळाचा इंचभर भाग धारदार कोयत्याने उडवा. तसंच लावलं तर दहा वर्षांनी झाड वाऱ्यात उपटून पडतं. लागवड जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. ऑगस्ट आणि ऑक्टोबरात प्रत्येक रोपाभोवती मीटरभर गवत काढा.

घाणेरी वरून छाटू नका, दुप्पट फुटते. फळं धरायच्या आधी कुदळीने जमिनीखाली दोन-तीन इंचांवर मुख्य मूळ तोडा आणि झुडूप मुळं वर करून उलटं टाका, म्हणजे फांदी मातीला टेकून पुन्हा रुजत नाही. पुढची दोन वर्षं बियांतून आलेली रोपं हाताने उपटा. आणि मोकळी झालेली जागा त्याच पावसाळ्यात लावा, नाहीतर तिथे रानमोडीचं तण येतं.

गडगा

वर सांगितलेलं सगळं एका वणव्यात जातं. आग उतारावर वर चढते आणि तुमची जमीन देवरहाटीच्या खाली आहे, म्हणून जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) खालच्या हद्दीला पाच मीटर, बाजूंना तीन मीटर. डिसेंबरात गवत कापून, ओढून बाहेर काढा. ही रेषा फेब्रुवारीत दुसऱ्यांदा झाडायला लागते, कारण तोवर पानगळीने ती परत भरलेली असते. हे दुसरं झाडणं राहतं आणि मार्चमध्ये शेजारच्या भाजावळीची (पेरणीआधी शेत भाजण्याची) ठिणगी नेमकी तिथून आत येते. भाजावळ कधी करणार हे शेजारच्या शेतकऱ्यांकडून आधी कळलं तर त्या दिवशी चार माणसं पाण्याचे कॅन आणि ओल्या पोत्यांसह रेषेवर उभी ठेवता येतात.

गुरं आत येऊ नयेत म्हणून चार फुटी गडगा (दगडांचा बांध) आणि त्याला लागून निरगुडीचं कुंपण. अंगठ्याएवढ्या जाड, हातभर लांब काड्या, जूनमध्ये अर्धा-अर्धा फुटावर, तिसरा हिस्सा जमिनीत. शेळी निरगुडीला सहसा तोंड लावत नाही. चराई पाच वर्षं बंद ठेवा, पण गवत कापून न्यायला मुभा द्या. ज्यांची गुरं तिथे चरायची त्यांनाच ते द्या. गवत घरी गेलं की आगीचं जळणही कमी होतं. कवळतोडही (भाजावळीसाठी झाडांच्या फांद्या तोडणं) या जागेत नको, हे बैठकीतच ठरवून घ्या.

सातबारा

रोपं आणण्याआधी सातबारा काढा, भोगवटादार आणि इतर हक्क दोन्ही रकाने वाचा. रत्नागिरी जिल्ह्यात पुष्कळ देवरहाट्या सरकारच्या नावावर आहेत. तसं निघालं तर तहसील कार्यालयाच्या लेखी परवानगीशिवाय तोडही नको आणि गडगाही नको.

जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत देवरहाटीची हद्द, झाडं, ढोल्या, पऱ्या हे सगळं चढवा. त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली जैवविविधता वारसा स्थळ जाहीर होतं. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथल्या रानजायफळाच्या दलदलीला तो दर्जा मिळाला आहे.

झाडांची यादी गुरव आणि गावातल्या जाणत्या बायकांना बरोबर घेऊन करा. स्थानिक नावं तशीच लिहा, शेजारी प्रत्येकाचा फोटो लावा.